शिलेदाराची छोटीशी भेट

अमेरिकेत मुलाकडे वा मुलीकडे काही महिने राहून आलेल्या आजी-आजोबांपैकी काहींनी ‘रेनेसाँ फेअर’ नावाची जत्रा पाहिली असेल. काहींना पुढच्या खेपेस तिथे नेण्याचे नातवंडांनी कबूल केले असेल. शहराबाहेरचे झाडीने वेढलेले मैदान, लाकडी दुकानांच्या रांगा, बासऱ्या आणि ढोल, आणि सोळाव्या शतकातील इंग्लंडचा वेष करून हिंडणारी माणसे, असे या जत्रेचे रूप असते. तिचे मुख्य आकर्षण म्हणजे घोडेस्वारांचे द्वंद्व. दोन चिलखती स्वार समोरासमोरून दौडत येतात, भाला ढालीवर आदळतो, त्याच्या चिरफळ्या उडतात आणि प्रेक्षक आरोळ्या देतात.

खेळ संपल्यावर जे घडते, त्याकडे मात्र मोठ्यांचे सहसा लक्ष नसते. स्वार शिरस्त्राण काढून कठड्यापाशी येतो. तिथे बिलगून उभ्या असलेल्या एखाद्या पाच-सहा वर्षांच्या मुलीपुढे तो वाकतो, कधी गुडघा टेकतो, आणि तुटलेल्या भाल्याचा तुकडा, रंगीत फीत, गुलाबाचे फूल किंवा काचेचा एखादा मणी तिच्या तळहातावर ठेवतो. त्या वस्तूची किंमत फारशी नसते. तरीही ती मुलगी दिवसभर मूठ उघडत नाही, आणि घरी गेल्यावर ती वस्तू उशीखाली जाते.

आरोग्यविषयक पाक्षिकात या गोष्टीचे काय काम, असे आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, या लहानशा प्रसंगात घेणाऱ्याइतकाच देणाराही काहीतरी मिळवत असतो. आणि उतारवयात, विशेषतः आजारपणात, माणसाच्या हातून सर्वांत आधी निसटते ते हे देण्याचे सुख. औषध, आधार, वेळ, माया या साऱ्या गोष्टी वृद्ध व्यक्तीकडे येत राहतात; तिच्याकडून मात्र कोणी काही मागत नाही. ही एकतर्फी वाट पुन्हा दुतर्फा कशी करता येईल, याचा एक सोपा धडा जत्रेतला हा शिलेदार देतो.

मुलांच्या नाटकांतून जन्मलेली जत्रा

या जत्रेची सुरुवात मे १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे झाली. फिलिस पॅटरसन या शिक्षिका आपल्या परिसरातील मुलांना नाटक शिकवीत. इटलीतील जुन्या, मुखवटे घालून केल्या जाणाऱ्या लोकनाट्याचे प्रयोग त्या मुलांकडून करून घेत. त्यातूनच त्यांनी आणि त्यांचे पती रॉन पॅटरसन यांनी केपीएफके या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या नभोवाणी केंद्राच्या मदतीसाठी दोन दिवसांची एक जुन्या वळणाची जत्रा भरविली. ती लोकांना इतकी आवडली की, पुढे देशभर तिचे अनुकरण झाले. मिनेसोटातील जत्रा १९७१ मध्ये सुरू झाली, टेक्सासमधील १९७४ मध्ये. न्यूयॉर्कजवळ स्टर्लिंग फॉरेस्ट येथे आणि मेरीलँडमध्ये क्राउन्सव्हिल येथेही अशा मोठ्या जत्रा भरतात. बहुतेक ठिकाणी त्या काही आठवड्यांच्या शनिवार-रविवारी असतात. मेरीलँडने तर घोड्यावरील भाल्याच्या खेळाला १९६२ पासून राज्याचा अधिकृत खेळ मानले आहे.

इंग्रजीत ज्याला ‘नाइट’ म्हणतात, तो स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन लढणारा स्वार. आपल्याकडील शिलेदाराशी त्याचे नाते जवळचे. म्हणून या लेखात त्याला शिलेदारच म्हणू. त्याचे संपूर्ण चिलखत साधारणपणे वीस ते पंचवीस किलो वजनाचे असते. एवढे ओझे अंगावर घेऊन, भर उन्हात घोडदौड केल्यावर लहान मुलापुढे गुडघा टेकणे हे सोपे काम नव्हे. मुलाला हा हिशेब कळत नाही. पण एवढा मोठा माणूस आपल्यासाठी खाली वाकला, हे त्याला पुरते कळते.

भेटीची जुनी रीत

मध्ययुगीन युरोपातील द्वंद्वयुद्धांत भेटीची दिशा उलटी होती. तेथे मानाची स्त्री आपल्या पसंतीच्या वीराला एखादी फीत, रुमाल किंवा बाहीचा तुकडा देई, आणि तो वीर ती खूण भाल्याला वा शिरस्त्राणाला बांधून रिंगणात उतरे. फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री १५५९ मध्ये अशाच एका द्वंद्वात भाल्याची चिरफळी डोळ्यात घुसून जबर जखमी झाला आणि दहा दिवसांनी मरण पावला. त्या वेळी त्याच्या अंगावर त्याची प्रेयसी दियान द प्वातिए हिचे काळे-पांढरे रंग होते. आज अनेक जत्रांत भाल्याचे टोक बाल्सासारख्या हलक्या, सहज मोडणाऱ्या लाकडाचे करतात. जुन्या काळी जिवावर बेतणारी ती चिरफळी आता मुलाच्या हाती खेळणे म्हणून येते.

सामान्य माणसांचीही आपली रीत होती. कँटरबरीसारख्या तीर्थक्षेत्री जाऊन आलेले यात्रेकरू शिसे आणि कथिल यांच्या मिश्रणाचे लहान बिल्ले टोपीवर लावून परतत. असे बिल्ले लंडनच्या थेम्स नदीच्या गाळात मोठ्या संख्येने सापडले आहेत. जत्रेतून घरच्यांसाठी आणलेल्या लहानशा भेटीला इंग्रजीत ‘फेअरिंग’ असा खास शब्दच होता. आपल्याकडे जत्रेहून येणाऱ्या माणसाने पोरांच्या हाती काही ठेवल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, ही रीत आपण लहानपणी अनुभवली असेल. ‘फेअरिंग’ या शब्दाचा अर्थ त्यामुळे आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

मुलाच्या मनात काय घडते

घरात खेळण्यांचा ढीग असताना एका मण्याचे एवढे अप्रूप का? याची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे नजर. मोठी माणसे मुलांशी बोलतात ती बहुधा वरून, आणि तीही हातातले काम करता करता. शिलेदार मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो आणि तेवढे क्षण दुसरीकडे पाहत नाही. दुसरे कारण निवड. भेट सर्वांना वाटलेली नसते. ‘ही तुझ्यासाठी’ असे म्हणून एकाच्या हाती दिलेली असते. तिसरे कारण म्हणजे विश्वास. ‘हे जपून ठेव’ असे मुलाला सांगितले जाते, म्हणजे त्याच्यावर एक जबाबदारी सोपविली जाते. एरवी मुलाला सांभाळण्याचे काम इतरांचे असते. या वेळी सांभाळणारा तो स्वतः असतो.

त्यापुढचे काम स्मरणशक्ती करते. एखादा अनुभव मनात साठविला जातो तेव्हा त्या वेळचे रूप, स्पर्श आणि गंध त्याला चिकटून राहतात. पुढे त्यांपैकी एक गोष्ट जरी समोर आली, तरी बाकीचे सारे तिच्या मागोमाग येते. चार वर्षांनी कपाटाच्या कोपऱ्यात ती लाकडाची चिरफळी सापडली की, घोड्याच्या टापांसह तो सारा दिवस परत येतो. छायाचित्र डोळ्यांना दिसते. वस्तू हातालाही आठवते.

देणाऱ्याला काय मिळते

आता देणाऱ्याकडे वळू. एलिझाबेथ डन, लारा अक्निन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांचा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही लोकांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन ते संध्याकाळपर्यंत खर्च करण्यास सांगितले होते. काहींना स्वतःसाठी, काहींना दुसऱ्यासाठी. संध्याकाळी दुसऱ्यासाठी खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम पाच होती की वीस, याने त्यात फरक पडला नाही. २०१२ मधील दुसऱ्या अभ्यासात दोन वर्षांखालील मुलांनाही स्वतःला खाऊ मिळताना वाटला त्यापेक्षा तो दुसऱ्याला देताना जास्त आनंद झालेला दिसला. म्हणजे देण्याचे सुख ही संतांची केवळ शिकवण नाही. माणूस ते फार लहान वयापासून अनुभवतो.

योगायोग असा की, ज्या १९६३ साली ती पहिली जत्रा भरली, त्याच साली रॉबर्ट बटलर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी वृद्धांच्या आठवणींविषयी एक महत्त्वाचा लेख लिहिला. म्हातारी माणसे जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतात, हे त्यांचे मन थकल्याचे लक्षण समजले जाई. आयुष्याचा हिशेब मांडून पाहण्याची ती एक स्वाभाविक आणि आवश्यक प्रक्रिया आहे, असे बटलर यांनी मांडले. पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसोबत जुन्या वस्तू आणि छायाचित्रे हाताळत गप्पा मारण्याची पद्धत रूढ झाली. तिचा उपयोग माफक असतो आणि तो सर्वांना सारखा होत नाही. आजार तिने बरा होत नाही. तरीही पुष्कळ घरांत त्या अर्ध्या तासात रुग्णाचा चेहरा खुलतो, आणि काळजीवाहकालाही रुग्णापलीकडचा माणूस पुन्हा भेटतो.

भेट देताना या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. आठवण सांगायला निमित्त मिळते आणि ती आठवण ज्याच्या हाती सोपवायची, तो ऐकणाराही समोर असतो.

घरातला शिलेदार होताना

यासाठी आपल्याला चिलखत नको आणि जत्राही नको. परदेशात वाढणाऱ्या नातवंडांशी बोलताना भाषा अपुरी पडते, असे अनेक आजी-आजोबा सांगतात. हातात ठेवलेली वस्तू तिथे अर्धे काम करते. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

• वस्तू लहान आणि आपल्या आयुष्यातली असावी: आजोबांच्या कोटाचे बटण, चलनातून गेलेले नाणे, कोकणच्या किनाऱ्यावरचा शंख, आजीने विणलेली फीत, जुन्या पत्रावरचे टपाल तिकीट.

• तिची गोष्ट तीन-चार वाक्यांत सांगावी. ‘या नाण्यात मला शाळेच्या मधल्या सुट्टीत चिंचा मिळायच्या’ एवढे पुरे. मुलाला हवे असेल, तर पुढचे ते स्वतः विचारील.

• मुलाच्या नजरेच्या पातळीवर यावे. गुडघे दुखत असतील, तोल जात असेल, तर वाकण्याचे धाडस नको. खुर्चीवर बसावे आणि मुलाला समोर उभे करावे. डोळे आपोआप समोरासमोर येतात.

• एका वेळी एकच वस्तू, आणि तीही क्वचित. रोज दिलेली भेट लवकरच सवयीची होते.

• मोबदला मागू नये. ‘मग आता आजीला पापी दे’ अशी अट घातली की भेटीचा व्यवहार होतो. मूल लाजले, पळून गेले, तरी रागावू नये. वस्तू त्याच्या आईजवळ ठेवावी.

• त्याने ती हरवली तर हसून सोडून द्यावे. हरवलेल्या वस्तूचीही आठवण राहते; खाल्लेल्या बोलण्यांची मात्र नको.

काळजीवाहकांसाठी

आपल्या घरी अंथरुणाला खिळलेली किंवा स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती असेल, तर देण्याची सोय आपल्याला करून द्यावी लागेल. तिच्या उशाशी एक लहान डबा किंवा बटवा ठेवा. त्यात काय असावे, हे शक्य तितके तिलाच ठरवू द्या. घरी मूल आले की डबा तिच्या हाताशी द्या आणि आपण थोडे मागे सरा. हात थरथरत असेल, तर खालून आधार द्या, पण वस्तू तिच्याच हातून जाऊ द्या. ‘आजीने तुला हे दिलंय बरं का’ असे तिच्या वतीने बोलण्याचा मोह आवरा. शब्द सापडायला तिला वेळ लागेल. तो वेळ तिचा आहे.

गोष्ट सांगताना साल चुकेल, गाव बदलेल, गेलेला माणूस जिवंत असल्यासारखा बोलण्यात येईल. त्यात दुरुस्ती करू नका. तेच बटण दुसऱ्यांदा दिले गेले, तर मुलाने ते आनंदाने घ्यावे आणि नंतर हलकेच डब्यात परत ठेवावे. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे समजावून सांगता येते आणि ते आपण समजतो त्याहून शहाणपणाने वागते. दागिने, कागदपत्रे, मोठ्या नोटा या डब्यात नसाव्यात. म्हणजे देणाऱ्यावर पहारा ठेवण्याची वेळ येणार नाही. काही रुग्णांना वस्तू तोंडात घालण्याची सवय लागते; त्यांच्या डब्यात मणी, बटणे न ठेवता रुमाल, फीत, पत्ते किंवा पुस्तकातील खुणेच्या पट्ट्या ठेवाव्यात.

आणि शुश्रूषा करता करता थकलेल्या आपणांस एक सांगणे. कधी त्या डब्यातील एखादी वस्तू आपल्या हातावर ठेवली गेली, तर ‘मला कशाला, राहू दे’ असे म्हणू नका. घ्या. आपल्या श्रमांची परतफेड त्यात होत नाही. पण देणाऱ्याचा मान त्यात राहतो.

लहान वस्तू, मोठी सावधगिरी

तीन वर्षांखालील मुलांना मणी, नाणी, बटणे, गोट्या देऊ नयेत. त्या घशात अडकून जीव गुदमरू शकतो. अमेरिकेत खेळण्यांच्या तपासणीसाठी सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते, ती या वयाच्या मुलांसाठी असुरक्षित ठरते. घरी टॉयलेट पेपरच्या आतील पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू सहज जाते, ती तान्ह्या भावंडांच्या हाताला लागणार नाही अशीच ठेवावी.

चपट्या गोल बॅटऱ्या आणि लहान शक्तिशाली लोहचुंबक असलेली वस्तू कोणत्याही लहान मुलाला भेट म्हणून देऊ नये. गिळलेली बॅटरी दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजू शकते; तशी शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे. जुन्या रंगविलेल्या खेळण्यांत आणि स्वस्त धातूच्या बिल्ल्यांत शिसे असू शकते, म्हणून तोंडात वस्तू घालणाऱ्या मुलांना तीही नकोत.

घशात काही अडकलेले मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. घशात बोटे घालून चाचपडू नये. आवाज किंवा श्वास बंद झाला, तर लगेच प्रथमोपचार सुरू करून मदत बोलवावी. अमेरिकेत ९११ आणि भारतात ११२ किंवा १०८ हे क्रमांक आहेत. तान्ह्या बाळासाठी आणि एक वर्षावरील मुलासाठी प्रथमोपचाराची पद्धत वेगवेगळी आहे. नातवंडे सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ती जाणकाराकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी.

आणखी एक काळजी. ‘अनोळखी माणसाकडून काही घेऊ नकोस’ असे आपण मुलांना सांगतो, आणि जत्रेत मात्र अनोळखी शिलेदाराची भेट घेऊ देतो. मुलाला हा फरक स्पष्ट सांगा: घरचे मोठे माणूस शेजारी आहे, त्याने मान डोलावली आहे, म्हणून ही भेट चालते.

जत्रेला जाणार असाल तर

जमीन खडबडीत, कुठे गवताची तर कुठे मातीची असते. घट्ट बसणारे बूट आणि काठी हवी. चाकाच्या खुर्चीची सोय आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पाणी, टोपी आणि दुपारच्या गोळ्या जवळ ठेवाव्यात. दमा असणाऱ्यांनी इनहेलर विसरू नये, कारण घोड्यांच्या रिंगणाजवळ धूळ उडते. या जत्रांत भाजलेली टर्कीची तंगडी फार लोकप्रिय आहे. तिच्यात मीठ बरेच असते, तेव्हा रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी ती चवीपुरतीच खावी. घोड्याच्या मागून जाऊ नये. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना आरोळ्यांचा त्रास होतो. त्यांनी कठड्यापासून जरा मागे, सावलीत बसावे.

आणि खेळ संपल्यावर लगेच उठू नये. शिलेदार मुलांकडे येतो तो क्षण पाहून मगच निघावे. परतताना नातवंडाला विचारावे की, त्याने काय दिले आणि देताना काय म्हटले. एवढ्या प्रश्नावर घरापर्यंतची वाट बोलण्यात जाईल. मग कधीतरी आपल्याही डब्यातून एखादे बटण, एखादा शंख काढावा. उतारवयात आपल्याजवळ देण्यासारखे काही उरले नाही, असे वाटण्याचे दिवस येतात. त्या दिवशी समोर लहानसा तळहात असला आणि आपल्याला एक गोष्ट आठवत असली, तर देण्यासारखे पुष्कळ आहे.